दीड पोतं अक्का

देवानं हे जग जरा घाईत उरकलं आणि त्यातली मापं पुन्हा तपासून घ्यायचं काम आमच्या थोरल्या साडूंवर सोपवलं, असं माझं जुनं मत आहे. देवानं तसं खरोखर सांगितलं होतं की नाही कोण जाणे, पण साडूंनी ते काम जन्मभर बिनतक्रार केलं. खुर्ची उंच आहे, उंबरा पायात येतो, रहाटाची कडी हाताला लांब पडते, असं काही दिसलं की ते बेचैन होत. चूक नेहमी वस्तूची असे, माणसाची कधीच नाही. "मानूस जसा हाय तसा हाय. वस्तूला सुधरायला काय झालं?" असं म्हणून ते करवत काढत, आणि करवत निघाली की घरातली माणसं आपापल्या आवडत्या वस्तू उचलून आतल्या खोलीत जात.

मी तेव्हा सेलूच्या एका शाळेत मास्तर होतो. उंची माझी बेताचीच. एकदा साडू काही कामानं शाळेत आले आणि वर्गाच्या दारातून त्यांना माझे पाय खुर्चीखाली लोंबताना दिसले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात आलो तर खुर्चीचे चारही पाय चार-चार बोटं कमी झालेले, आणि भुसा पोरांनी दप्तरं ठेवायच्या जागी पडलेला. मला ती खुर्ची फार सोईची झाली, खोटं कशाला बोलू. पण पुढच्याच आठवड्यात तपासणीला आलेले साहेब सहा फूट उंच निघाले. तासभर ते गुडघे हनुवटीला लावून माझा भूगोलाचा पाठ ऐकत होते. साडूंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी साहेबांची उंची विचारून घेतली आणि म्हणाले, "त्यांच्या मापाची दुसरी करून ठिवतो. कवा येनार हायेत परत?"

साडूंचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. दुकानाच्या तोंडाशी पोती जोखायचा मोठा काटा होता आणि तिथं बसून बसून त्यांच्या नजरेतच काटा उतरला होता. समोर आलेल्या माणसाचं नाव ते विसरत, वजन कधी विसरत नसत. माझ्या लग्नात मी बाशिंग बांधून उभा असताना त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि सासऱ्यांच्या कानात म्हणाले, "पंचावन्न किलो. पन माल ओला हाय. वाळल्यावर पन्नास भरंल." ते कानात म्हणाले खरे, पण त्यांचा आवाज हमालांना हाका मारायच्या मापाचा होता. अंतरपाटाच्या पलीकडे माझी होणारी बायको हसली. आमच्या संसारातलं ते पहिलं हसू, त्याचं श्रेय साडूंना दिलंच पाहिजे. पुढे मला टायफॉईड होऊन मी उठलो तेव्हा ते भेटायला आले, दारातूनच पाहून म्हणाले, "एकोनपन्नास," आणि संध्याकाळी शेरभर तूप पाठवून दिलं.

शिवभक्ती घराण्यातली. सकाळी आंघोळ झाली की डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा, मग कपाळावर भस्माचे तीन पट्टे. बोटांवर उरलेलं भस्म ते वाया घालवत नसत. काट्याला तीन पट्टे, तिजोरीला तीन पट्टे, सायकलीच्या हँडलला तीन पट्टे. सकाळी लवकर त्यांच्याकडे गेलं तर आपल्या कपाळालाही तीन पट्टे. "शरणार्थ, मास्तर," असं म्हणत ते पुढे यायचे तेव्हा हात कपाळाकडे येतोय की खांद्याकडे, हे ओळखेपर्यंत पट्टे उठलेले असत.

पण या माणसाची खरी ओळख सांगायची तर अक्काची सांगितली पाहिजे. अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली आणि अक्कानं या धाकट्या भावाला कडेवर घेऊन वाढवलं. पुढे तिचं लग्न झालं, थोड्याच वर्षांत कपाळ रिकामं झालं, आणि ती भावाकडे आली ती कायमची. थोराड बाई. आवाज असा की परसातून हाक मारली तर दुकानातला हमाल पोतं खाली ठेवायचा. साऱ्या सेलूला मापात बसवणारे साडू अक्कापुढे मात्र मान खाली घालून उभे राहत. माझी मेहुणी, म्हणजे साडूंची बायको, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, ती म्हणायची, "ह्यांचं जग सोपं हाय. एका पारड्यात अक्का, दुसऱ्यात बाकीचे समदे."

त्या अक्काचा वर्षातला एक दिवस ठरलेला होता. येळवस. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडे घर कुणी राखत नाही, सगळे शेतावर. ज्वारी कंबरेला आलेली, हरभरा घाट्यांवर, शेताच्या मधोमध कडब्याची खोप करायची, तिथं पूजा करायची, आणि आंबील-भज्जी-उंडे खाऊन उन्हात पडून राहायचं. साडूंचं शेत पेडगावच्या शिवारात. तिथली आंबील अक्कानंच करायची, पहिली वाटी पिकावर तिनंच शिंपडायची, आणि आल्या-गेल्याला हाका मारून जेवायला तिनंच बसवायचं, अशी पंचवीस-तीस वर्षांची वहिवाट. मग अक्का न्हाणीत घसरून पडली. खुबा मोडला. हाड जुळलं, पण उजवा पाय गुडघ्यात वाकेना तो वाकेनाच. काठी टेकत ती घरातल्या घरात फिरायची. बैलगाडीत चढता येईना, एसटीच्या पायऱ्या तर दूरच. शिवाय विद्यापीठाच्या नामांतराची ती वर्षं, कधी मोर्चा, कधी बंद, एसटी आज निघेल आणि वाटेत थांबेल. तीन येळवशी अक्कानं घरात काढल्या. आंबील ती घरी करून द्यायची आणि आम्ही निघालो की दार लावून घ्यायची. शेतावर साडू पहिली वाटी शिंपडायचे, पण त्या दिवशी त्यांच्याकडून कुणाचंही वजन निघायचं नाही.

चौथ्या वर्षी दसऱ्याला साडूंनी मोटार घेतली. जुनी, पांढरी, गोल पोटाची. त्या काळी आमच्या भागात मोटारीची जातच तेवढी होती. दारात उभी राहिली तेव्हा ताईनं ओवाळलं, साडूंनी बॉनेटवर तीन पट्टे ओढले, आणि अक्काला बसवायला गेले. अक्का दाराशी आली, वळून पाठमोरी झाली, बसायला गेली आणि मध्येच थांबली. बैठक उंच पडत होती. वाकणाऱ्या पायानं माणूस चढून बसतो, पण न वाकणारा पाय घेऊन चढायचं कसं? चार बोटांचा प्रश्न होता.

मी सुचवलं की खाली एक पाट ठेवावा.

साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पाट त्यांच्या डोक्यात घालायला निघालो होतो. "अक्कानं पाटावर चढून गाडीत बसायचं? मास्तर, मी तिच्यापुढं वाकतो. गाडीला काय झालं वाकायला?"

झालं. गाडी गॅरेजवाल्या चाचांकडे गेली. मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची कमान असते, एकावर एक रचलेली, तिला पाटे म्हणतात. दोन्ही बाजूंचे दोन-दोन पाटे काढले की गाडी खाली बसते, हे साडूंनी बैलगाडीच्या जाणकारीनं आपणच शोधून काढलं होतं. चाचांनी दाढी खाजवली. "शेठ, पाटे निकालेंगे तो गाडी बैठेगी. मगर बैठने के बाद टायर मडगाड को लगेगा. फिर मेरे को मत बोलना." साडू म्हणाले, "लागू द्या जरासक." गाडी मागून खाली बसली, पुढूनही चाचांनी काहीबाही फिरवून बसवली. घरी आली तेव्हा ती एखाद्या गाईनं बसायला सुरुवात करावी तशी दिसत होती. पण अक्का वळली, ओट्यावर टेकावं तशी बैठकीवर टेकली, ताईनं तिचा पाय उचलून आत घेतला, आणि अर्ध्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या. साडूंनी सगळ्यांना पेढे वाटले.

गाडी निघाली. गिरणीच्या कोपऱ्यावर खड्डा आहे. तिथं चाक उतरलं आणि मागून आवाज आला, खर्रर्र! पुढच्या खड्ड्यात पुन्हा. मडगार्डाच्या आतून टायर घासत होतं, तेही अक्काच्याच बाजूनं. साडू घाईघाईनं म्हणाले, "रस्ता खराब हाय." तिसऱ्या खर्रर्रला अक्का म्हणाली, "थांबीव."

"काय झालं, अक्का?"

"माझ्या भारानं व्हायलंय न्हवं?"

साडूंना खोटं बोलता येत नाही, निदान वजनाच्या बाबतीत तर नाहीच. ते काही बोलले नाहीत, आणि तेच उत्तर झालं. अक्का तिथंच उतरली. काठी टेकत, लंगडत, कुणाचा हात न घेता घरी चालत आली. दारात वळून एवढंच म्हणाली, "मी बसल्यावर गाडी रडायली. म्या न्हाई बसायची पुन्यांदा. येळवसला तुमी जा." अक्का एकदा बोलली की संपलं. येळवसला दोन महिने होते. तेवढ्यात तो आवाज बंद झाला तर तिला कदाचित आणखी एकदा विचारता आलं असतं. आणि त्या वेळी तो पुन्हा आला, तर मग कधीच नाही.

ते दोन महिने मी विसरणं शक्य नाही, कारण शाळा सुटल्यावर रोज मला त्या गाडीत बसावं लागलं. साडूंच्या लेखी मी पन्नास किलोचं चालतं-बोलतं माप होतो. "मास्तर, जरा डावीकडं सरका. आता मागं टेका. श्वास घ्या." मी श्वास घेतल्यानं टायरला काय फरक पडणार होता, हे त्यांनाच ठाऊक.

पहिला उपाय बैलगाडीचा. चाक कुरकुरलं की वंगण लावायचं. साडूंनी मडगार्डाच्या आतून तिळाचं तेल चोपडलं. पहिल्या खड्ड्यात आवाज जरा गुळगुळीत झाला, दुसऱ्यात खमंग वास सुटला आणि बाजारातून जाताना आमच्या मागं चार कुत्री लागली. चाचांनी कपाळाला हात लावला. "शेठ, ये गाडी है, भजिये नहीं. तेल रबर को खा जाता." दुसरा उपायही बैलगाडीचाच. मागं भार जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि पुढं जास्त झाला की धुरजड, तेव्हा गाडी उलाळ झाली असणार म्हणून साडूंनी पुढं पेंडीची पोती ठेवली. मग पुढचं टायर घासायला लागलं. दोन दिवस ते पोती पुढून मागं आणि मागून पुढं हलवत होते, आणि पोत्यांच्या मधे मी.

शेवटी चाचा म्हणाले की नेमकं कुठं घासतंय ते आधी कळलं पाहिजे. आत खडू फासा, जिथला पुसला जाईल ती जागा. साडूंनी खडू आणला नाही. त्यांच्याकडे भस्म होतं. दोन्ही मागच्या मडगार्डांच्या आत त्यांनी हात घालून भस्माचे जाड पट्टे ओढले. रस्त्याकडेला उकिडवं बसून, डोळे मिटून, चाकाच्या पोटात हात घालून एक माणूस भस्म लावतोय, हे बघून लोक थांबायला लागले. एका म्हाताऱ्यानं तर चप्पल काढून चाकाला नमस्कार केला. गावात बोलवा उठली की साडूंच्या मोटारीला काहीतरी बाधा झाली आहे आणि उतारा चालू आहे.

आता भार पाहिजे होता, आणि तो अक्काच्या बरोबरीचा पाहिजे होता. अक्काला काट्यावर उभं करायची हिंमत गावात कुणाची नव्हती. साडूंनी डोळे मिटले, मनाशी काही आठवलं आणि म्हणाले, "दीड पोतं." सरकीचं एक भरलेलं पोतं त्यांनी डाव्या बाजूला बैठकीवर ठेवलं, त्यावर अर्धं बांधून ठेवलं. पोती वळणावर कलायला लागली तेव्हा ताईकडून अक्काचं एक जुनं हिरवं लुगडं मागून घेतलं आणि दोन्ही पोत्यांना गुंडाळून घट्ट आवळलं. खाली भरलेलं पोतं, वर अर्धं, अंगावर हिरवं लुगडं. काचेतून बघितलं तर बाई बसली आहे असंच वाटायचं. मी पुढं बसायचो आणि माझी सारखी मान मागं वळायची. एकदा गाडी जोरात आदळली तेव्हा माझ्या तोंडून "अक्का, लागलं का?" असं निघून गेलं. साडू हसले नाहीत. त्यांनी आरशात बघितलं आणि गाडी हळू केली.

गाडी गिरणीच्या कोपऱ्यावरून सात वेळा नेली. परत आल्यावर साडूंनी मडगार्डात डोकं घातलं आणि ओरडले, "चाचा! उजवीकडचं भस्म जसंच्या तसं हाय, डावीकडचं पुसलं!" मग त्यांनी बोटं घालून बघितली. उजव्या टायरला आणि पत्र्याला मधे तीन बोटं जागा, डावीकडे दीडच. चाचा गाडीखाली गेले आणि खालूनच त्यांचा आवाज आला, "या अल्ला!" पाटे काढून कमान पुन्हा बांधताना मधला बोल्ट आपल्या भोकात नीट बसला नव्हता, म्हणून मागचा सगळा आस बोटभर डावीकडे सरकला होता. चाचा बाहेर आले, साडूंपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "गलती मेरी है, शेठ." साडूंनी त्यांच्या कपाळाला तीन पट्टे ओढायला हात उचलला, मग लक्षात येऊन त्यांचा हातच हातात घेतला. चाचांनी आस जागेवर बसवला. छोटे खड्डे गप्प झाले.

मोठे खड्डे राहिले. मडगार्डाच्या आतल्या कडेचा पत्रा दुमडलेला असतो, ती कड टायरला लागत होती. हातोडीनं ठोकली तर बाहेरून पत्रा पोचेल. साडू घरात गेले आणि ताईचं मुसळ घेऊन आले. मुसळ टायर आणि पत्र्याच्या मधे अडकवायचं, चाचांनी ते दाबून धरायचं, आणि मी व साडूंनी गाडी हळूहळू पुढं-मागं ढकलायची. मुसळ फिरत गेलं तशी कड आतल्या आत सपाट होत गेली. ताई दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती. "येळवसच्या उंड्याचं पीठ आता काय मडगाडात कुटायचं का?" तिनं विचारलं. साडू म्हणाले, "नवं आनतो. तुज्या उंचीचं."

आणि तरीही गिरणीच्या कोपऱ्यावरचा तो एक खड्डा ऐकेना. दीड पोतं बसलं की डावी बाजू दबायची. तेव्हा साडूंनी फक्त डाव्या कमानीत एक पाटा परत घातला. रिकामी गाडी डाव्या अंगानं दोन बोटं उंच दिसायची, पण दीड पोतं ठेवलं की बरोबर सपाट. साडू गाडीच्या मागं वीस पावलं जात, एक डोळा मिटून बघत आणि म्हणत, "अक्का बसली की लेव्हल." खड्ड्यातून नेली. आवाज नाही. पुन्हा नेली. नाही. साडूंनी गाडी थांबवली, मागं वळून त्या लुगड्यातल्या पोत्यांना हात जोडले.

आता अक्काला विचारायचं कसं, हा प्रश्न होता, पण तो गावानंच सोडवला. गल्लीच्या टोकाचे एक आजोबा काठी आपटत घरी आले आणि अक्काला म्हणाले, "मोटार आली म्हनून लय बदललीस बघ. तीन दिस झाले बाजारातून फिरायलीस, मी हाक मारायलोय, तू मान वळवून बघंनास."

अक्का उठली. काठी टेकत परसात आली, तिथं आम्ही दोघं पोत्यांचं लुगडं सोडत होतो.

"माजं लुगडं नेसून गावात कोन हिंडायलंय रे?"

साडूंनी पोत्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी आभाळाकडे बघितलं. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं. भस्म, बोल्ट, मुसळ, पाटा. अक्का ऐकत होती. चेहरा तसाच. शेवटी म्हणाली, "आन ही पोती म्हंजे मी?"

"अदमासानं."

"किती?"

"दीड."

मला वाटलं, आता काठी चालणार. अक्का पोत्यांकडे बघत राहिली, आणि मग तिला हसू आलं. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. "मुडद्या, दीड पोतं! आन ते आजोबा त्या पोत्याला शरणार्थ करायलेत!" हसता हसता ती थांबली. "खरडलं का मंग दीड पोत्याला?"

"न्हाई, अक्का. आन जर खरडलं तर गाडी इकून टाकतो."

"मंग हिरवं लुगडं धुऊन ठिव. येळवसला तेच नेसते."

येळवसच्या सकाळी साडू पहाटेपासून गाडीभोवती फिरत होते. शेताकडच्या वाटेवर चाकोऱ्या खोल, खाली बसलेल्या गाडीचं पोट घासेल म्हणून त्यांनी तीन दिवस बैल लावून, फळी फिरवून ती वाट सपाट करून ठेवली होती. गडी म्हणे, या वाटेनं आता पालखी येणार का? अक्का हिरवं लुगडं नेसून आली, वळली, टेकली. ताईनं पाय आत घेतला आणि तो मांडीवर घेऊन उजव्या कोपऱ्यात बसली. आंबिलीचं मडकं माझ्या पायांत. साडू सवयीप्रमाणे गाडीच्या मागं वीस पावलं गेले, एक डोळा मिटला.

आणि तसेच उभे राहिले.

मी उतरून मागं गेलो. गाडी सपाट झाली नव्हती. अक्का बसलेली होती तरी डावी बाजू तशीच उंच होती, उलट ताईच्या बाजूनं गाडी कलली होती. साडू पुढं आले, डाव्या टायरच्या वर बोटं घातली. दीड पोत्याला तिथं दोन बोटं जागा राहायची. त्यांचा अख्खा हात आत गेला. हात धुऊन ते गाडी चालवायला बसले.

मानवत रोडपर्यंत सगळे कान देऊन होते. खड्डे आले आणि गेले. मग अक्काचा आवाज सुटला. रस्त्यानं चाललेल्या प्रत्येक बैलगाडीला ती काचेतून हाका मारायला लागली. पेडगावच्या वळणावर गाडी उजवीकडे कलली आणि अचानक आवाज आला, खर्रर्र!

साडूंचा पाय ब्रेकवर. माझा जीव मडक्यात.

अक्का म्हणाली, "ह्या बाजूनं न्हाई आला. त्या बाजूनं आला." आणि ताईच्या मांडीवरचा आपला पाय हलवून विजयी आवाजात ओरडली, "माज्या भारानं न्हाई! हिच्या भारानं! वैनीबाईच्या भारानं गाडी रडायली!"

ताई म्हणाली, "माजं तर काय, तुमच्या भावाच्या हातचं तूप हाय अंगावर," आणि दोघी नणंद-भावजया अशा हसल्या की पुढचे दोन खर्रर्र कुणाला ऐकूही आले नाहीत.

त्या दिवसाची आंबील मी अजून विसरलो नाही. अक्कानं पहिली वाटी हरभऱ्यावर शिंपडली, खोपीशी पाय पसरून बसली आणि संध्याकाळपर्यंत वाटेनं जाणारा एकही माणूस तिनं उपाशी सोडला नाही. तीन वर्षांचं बोलणं ती एका दिवसात बोलली. मला एवढं जेवावं लागलं की साडूंनी माझं वजन सांगायला पाहिजे होतं. पण ते गाडीपाशी एकटेच उकिडवे बसले होते. मी जवळ गेलो. त्यांचा हात पुन्हा त्या डाव्या टायरच्या वर होता.

"मास्तर," ते म्हणाले, "साऱ्या सेलूचं वजन मी नजरेनं सांगतो. आन घरातलंच चुकलं. मला आपली ती मला कडेवर घेऊन हिंडायची तवाची अक्काच दिसायली. दीड पोतं. आज हात घालून बघतो, तर पोतंबी भरंना. कवा झाली हो ती इतकी हलकी? मी रोज समोर बसून जेवतो तिच्या."

मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो. तिकडून अक्काची हाक आली, "आरं, भज्जी निवायली!" आणि साडू लगबगीनं उठून गेले.

त्यानंतर आणखी चार येळवशींना अक्का त्या गाडीतून शेतावर आली. दर वर्षी साडू मागं वीस पावलं जायचे, आणि दर वर्षी डावी बाजू आणखी थोडी उंच दिसायची. पाचव्या येळवसला अक्का नव्हती.

त्या वर्षी आम्ही तिघं निघालो. मी मागं, डाव्या बाजूला बसायला गेलो. साडू पुढून, मागं न वळता म्हणाले, "मास्तर, तुमी ताईच्या अंगाला सरका." मी सरकलो. माझे बावन्न किलोही ताईच्या बाजूला गेले आणि गाडी पुरतीच उजवीकडे कलली. गिरणीच्या कोपऱ्यावर खर्रर्र झालं. चाचांनी कितीदा सांगितलं होतं, तो डावीकडचा एक पाटा काढला की गाडी सरळ होईल, पाच मिनिटांचं काम आहे. ज्या माणसानं माझ्या खुर्चीचे पाय मला न विचारता कापले, त्यानं तो पाटा काढला नाही.

पेडगावपर्यंत टायर घासत होतं. साडू गाडी हळू चालवत होते, आणि डावीकडची जागा रिकामी होती.